रडताना हात लुळा पडतो आणि दहा मिनिटांत बरा होतो: डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमधला पक्षाघात

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी ७ वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. जन्मतः हृदयात दोष होता (एव्ही कॅनॉल, म्हणजे हृदयाच्या मधोमध मोठं छिद्र). पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून हृदयाची तक्रार नाही. गेल्या महिन्याभरात दोनदा, खूप रडल्यावर, तिचा उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून शब्द फुटेना. दोन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. एका डॉक्टरांनी सांगितलं, "या मुलांचे स्नायू ढिलेच असतात, त्यात हट्टही आहे." दुसऱ्यांनी एमआरआय सुचवला. पण त्यासाठी भूल द्यावी लागणार, आणि हृदय व मान या दोन कारणांनी घरच्यांना भुलीची भीती वाटते. आई विचारते: शाळेला सुट्टी लागेपर्यंत थांबलं तर चालेल का?

ताई, थांबू नका. याच आठवड्यात बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, "एका बाजूचा हात दोनदा लुळा पडला, बोलणं गेलं आणि परत आलं." वाक्य याच क्रमाने सांगा. 'डाउन सिंड्रोम आहे' हे त्यानंतर. त्याआधी पुन्हा असं झालं, तर बरं होईल म्हणून घरी वाट पाहत बसू नका, थेट तातडीच्या विभागात न्या. वाटेत हात चालू लागला तरी परत फिरू नका.

आता कारण सांगतो. तुम्ही विचारलंत एमआरआयबद्दल, पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: मुलीला जे झालं ते डाउन सिंड्रोमचा भाग आहे, की डाउन सिंड्रोमच्या आड दडलेलं दुसरं काही? स्नायूंचा ढिलेपणा या मुलांत असतो हे खरं. पण तो जन्मापासून असतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि रोज असतो. सोमवारी दुपारी फक्त उजव्या हातात येऊन सव्वातीनला निघून जात नाही. आणि हट्टाचं म्हणाल तर, हट्ट करणारं मूल हात आपटतं. ज्या खेळण्यासाठी रडतंय ते समोर धरलं तरी हात उचलत नसेल, तर तो हट्ट नाही.

हे मी ठामपणे लिहितोय, कारण मी स्वतः यात चुकलो आहे. डॉक्टरकी सुरू करून फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलीला फिट आली आणि नंतर तिचा डावा हात-पाय दिवसभर उठत नव्हता. फिटनंतर काही तास अशी कमजोरी राहू शकते, तिला टॉडचा लकवा म्हणतात. मी तेच निदान केलं, फिटचं औषध सुरू केलं आणि घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. फिट हे मूळ दुखणं नव्हतंच. मेंदूचा एक भाग रक्तावाचून तडफडत होता आणि फिट ही त्याची हाक होती. तेव्हापासून एका बाजूची कमजोरी घेऊन आलेल्या डाउन सिंड्रोमच्या मुलाच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या पाहिल्याशिवाय मी कागदावर निदान लिहीत नाही.

तुमच्या वर्णनात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो शब्द 'रडल्यावर'. रडताना, धाप लागल्यावर, फुंकर मारताना मूल जोरजोरात श्वास घेतं आणि सोडतं. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि तो कमी झाला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. हे तुमच्या-माझ्याही मेंदूत होतं, पण आपल्याला जाणवत नाही, कारण आपल्याकडे रक्तपुरवठ्याची शिल्लक भरपूर असते. ज्या मुलाच्या मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी आधीच अरुंद झाली आहे, त्याची शिल्लक संपलेली असते. तिथे एवढं आकसणंही पुरेसं होतं. हात लुळा पडतो. रडणं थांबलं, श्वास शांत झाला की रक्त परत येतं आणि हात चालतो. म्हणजे बरं होणं हा 'काही नव्हतं' याचा पुरावा नाही. रक्तपुरवठा अगदी काठावर आला आहे, याचा तो पुरावा असू शकतो.

एका आईने मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता. सहा वर्षांचा मुलगा साबणाचे फुगे उडवतोय. पहिली फुंकर, दुसरी, पाचवी, सहावी. फुगे उडताहेत, तो हसतोय. मग उजव्या हातातली काडी हळूहळू खाली झुकते, बोटं सुटतात, काडी जमिनीवर पडते. मुलगा तिच्याकडे बघतो आणि डाव्या हाताने उचलतो. व्हिडिओत मागून कुणीतरी "अरे, नीट धर ना" म्हणतं. तेवढ्या वीस सेकंदांनी मला जे सांगितलं ते अर्ध्या तासाच्या तपासणीत दिसलं नसतं, कारण माझ्यासमोर बसला तेव्हा त्याचे दोन्ही हात उत्तम चालत होते.

त्याला मोयामोया निघाला. हा जपानी शब्द आहे, अर्थ धुराचा पुंजका. मानेतून वर येणारी कॅरोटिड धमनी कवटीच्या आत जिथे फाटे फुटून विभागते, तिथे ती हळूहळू अरुंद होत जाते, बहुधा दोन्ही बाजूंना. मेंदू मग तळाशी बारीक बारीक वाहिन्यांचं जाळं उभं करून कसंबसं रक्त मिळवतो. अँजिओग्राफीत ते जाळं हवेत विरणाऱ्या धुरासारखं दिसतं, म्हणून हे नाव. सुझुकी आणि ताकाकू या जपानी डॉक्टरांनी १९६९ साली ते रूढ केलं. हा आजार एकटाही येतो आणि इतर स्थितींच्या जोडीनेही: सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), न्युरोफायब्रोमॅटोसिस (नसांवर गाठी येण्याचा जनुकीय आजार), डोक्याला दिलेलं रेडिएशन, आणि डाउन सिंड्रोम. इतर मुलांच्या तुलनेत डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत तो कित्येक पटींनी जास्त आढळतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीशी संबंधित काही जनुकं २१व्या गुणसूत्रावर आहेत आणि या मुलांत त्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते, हे त्यामागचं एक संभाव्य स्पष्टीकरण मानलं जातं.

मोयामोयाची एक खूण घरच्यांनी लक्षात ठेवावी: बाजू बदलते. एकदा उजवा हात, दोन महिन्यांनी डावा पाय. असं झालं की लोक म्हणतात, "बघा, दरवेळी वेगळं, म्हणजे मनाचं." प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असल्याने तसं होतं. काही मुलांत झटका दिसतच नाही. मूल आधी यायच्या त्या गोष्टी विसरू लागतं, चालताना एक पाय ओढतं, सकाळी डोकं धरून बसतं, हातापायांच्या विचित्र नाचऱ्या हालचाली सुरू होतात. ज्या मुलाला 'डोकं दुखतंय' हे वाक्य जुळवता येत नाही ते कपाळावर थापा मारतं किंवा चिडचिड करतं, आणि त्यालाही स्वभावाचं नाव मिळतं.

तुमच्या मुलीला मोयामोयाच आहे असं मी म्हणत नाही. न तपासता तसं म्हणणं चूक ठरेल. दुसरी वाट हृदयाची आहे. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, आणि हृदयात तयार झालेली गुठळी मेंदूत जाऊन अडकू शकते. तुमच्या मुलीची शस्त्रक्रिया झाली आहे, ही जमेची बाजू. तरी एखादं छोटं छिद्र राहिलं आहे का, झडप गळते का, हृदयाची लय नीट आहे का, हे ताज्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) आणि ईसीजीत बघावं लागेल. दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट चालणार नाही. ज्या मुलांचं हृदय दुरुस्त झालेलं नाही, ओठ-नखं निळसर आहेत, त्यांचं रक्त दाट होतं आणि जुलाब-उलट्यांत ते आणखी दाट होतं. त्यांच्याबाबतीत मी या वाटेचा संशय आधी घेतो. पण गुठळीने आलेली कमजोरी सहसा रडण्याशी जोडलेली नसते आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत साफ जाणं तिला कमी शोभतं. म्हणून तुमच्या वर्णनावरून माझा कल धमनीकडे आहे.

मानेचं काय, हेही तुम्ही विचारलंत. या मुलांच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. पण त्यात सहसा दोन्ही पाय किंवा चारही हातपाय सापडतात, चाल अडखळते, मान वाकडी धरली जाते, लघवीवरचा ताबा सुटतो, आणि हे टिकून राहतं. वाचा जात नाही. उजव्या हाताबरोबर बोलणं गेलं की बोट मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडे वळतं, मानेकडे नाही. अर्धशिशीच्या एका प्रकारातही हात लुळा पडतो, पण ते निदान रक्तवाहिन्या स्वच्छ दिसल्यावरच करायचं असतं.

आता भूल. तुमची भीती मला पटते. तिला उडवून लावणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा. पण भूल धोक्याची म्हणून तपासणी टाळणं आणि भूल काळजीपूर्वक द्यायला लावणं, यातलं दुसरं निवडा. लहान मुलांच्या भुलीचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ जिथे आहेत अशाच ठिकाणी हे करा, आणि आदल्या दिवशी त्यांना स्वतः भेटून पुढच्या गोष्टी बोला. मोयामोयाचा संशय आहे, त्यामुळे भुलीत श्वास जास्त वेगाने चालवला जाऊ नये आणि रक्तदाब पडू नये. पोटात काही न घेण्याचा काळ लांबू नये, शक्य तर यादीत पहिला नंबर मिळावा आणि शिरेतून सलाईन आधीच सुरू व्हावं. मान जास्त मागे ताणू नये. रात्री घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, तेही सांगा, कारण या मुलांत ते फार आढळतं आणि भुलीनंतरच्या तासांत त्याचं महत्त्व वाढतं. मुलगी रडत, ओरडत भुलीला जाऊ नये म्हणून तुम्ही शेवटपर्यंत जवळ थांबण्याची परवानगी मागा. तिच्याबाबतीत रडू न देणं हा उपचाराचाच भाग आहे.

आणि एकदा भूल देणारच आहात तर त्या एकाच वेळात सगळं उरकून घ्या. नुसता 'मेंदूचा एमआरआय' असं चिठ्ठीवर असेल तर डॉक्टरांना विचारा: डिफ्युजन आहे ना, आणि एमआर अँजिओग्राफी आहे ना? डिफ्युजनमध्ये ताजी इजा लगेच दिसते. अँजिओग्राफीत धमन्या दिसतात. मी असे रिपोर्ट पाहिले आहेत ज्यांत मेंदू 'नॉर्मल' होता, कारण इजा अजून झालेली नव्हती, आणि धमन्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. मानेचा संशय असेल तर तिथलेही फोटो त्याच वेळी घ्यावेत. साधा सीटी पहिल्या काही तासांत नॉर्मल येऊ शकतो, त्यावर निर्धास्त होऊ नका. काही मुलं मात्र सराव करून, मशिनचा आवाज आधी ऐकवून, आईचा हात धरून भुलीशिवाय एमआरआय करतात. तुमची मुलगी सात वर्षांची आहे, तिला ते जमेल की नाही हे तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही.

ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) सांगितला तर एक गोष्ट आवर्जून बोला. त्या तपासणीत मुलांना दोन-तीन मिनिटं जोरात फुंकायला लावतात. मोयामोयाचा संशय असताना ते करू नये. तंत्रज्ञ नेहमीच्या सवयीने पुढे करतील, तुम्ही थांबवा.

तोपर्यंत घरी काय करायचं? पाणी दिवसभर पाजत राहा, ती मागेल तेव्हा नाही तर ठरवून. ताप, उलट्या, जुलाब यांत दोन दिवस बघू म्हणू नका, त्याच दिवशी दाखवा, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की अरुंद धमनीतून रक्त आणखी कमी जातं. फुगे फुगवणं, पिपाणी, धाप लागेपर्यंत पळणं काही दिवस बंद ठेवा. रडू लागली तर शिस्त बाजूला ठेवा आणि आधी शांत करा. या काही आठवड्यांत तिचे लाड झाले तरी चालतील, हे आजी-आजोबांना आणि शाळेतल्या बाईंनाही सांगा. पुन्हा हात पडला तर आडवं झोपवा, शांत करा, तोंडात पाणी-औषध काही घालू नका, घड्याळ बघा, ती शेवटची पूर्ण ठीक कधी होती ती वेळ लिहा, आणि निघा. मदतीला दुसरं कुणी असेल तर व्हिडिओ घ्यायला सांगा. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका. क्वचित रक्तस्रावही असतो, आणि त्यात ते घातक ठरेल.

तपासात मोयामोया निघाला तर पुढे काय, हे आत्ताच सांगतो, कारण न कळल्याने माणूस जास्त घाबरतो. अरुंद झालेली धमनी औषधाने रुंद होत नाही. गुठळी होऊ नये म्हणून वजनानुसार थोड्या मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात. ते चालू असताना फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, कारण त्या वेळी अ‍ॅस्पिरिनने यकृत आणि मेंदूला दुखापत करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. त्यासाठी या दोन्ही लसी घेतलेल्या असाव्यात. तापाला पॅरासिटामॉल द्यावं, आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं. रक्तदाब वाढलेला दिसला तरी तो घाईने उतरवायचा नाही. अरुंद धमनीतून रक्त ढकलण्यासाठी शरीराने तो वाढवलेला असू शकतो.

मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा. मुलांत बहुधा डोक्याच्या कातडीतली एक धमनी मेंदूच्या पृष्ठभागावर आणून ठेवतात. ती तिथे लगेच जोडली जात नाही. भुकेला मेंदू तिच्यातून हळूहळू नव्या वाहिन्या ओढून घेतो. याला काही महिने लागतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही पाणी, ताप, रडणं यांची काळजी तशीच चालू ठेवायची. शस्त्रक्रियेच्या आसपासचे दिवस जोखमीचे असतात आणि ही गोष्ट शल्यविशारदांनी तुम्हाला मोकळेपणाने सांगायला हवी. पण नव्या वाहिन्या धरल्या की पुढच्या झटक्यांचा धोका खूप कमी होतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांतही ही शस्त्रक्रिया इतर मुलांसारखीच उपयोगी पडते. "अशा मुलाला एवढं मोठं ऑपरेशन कशाला" हे मी पालकांना सुनावलेलं ऐकलं आहे. याला वैद्यकशास्त्राचा काडीचाही आधार नाही. झटक्यात गेलेली वाचा आणि हात या मुलांना परत मिळवणं उलट जास्त अवघड जातं. वर्षानुवर्षं थेरपी करून कमावलेला एकेक शब्द असतो तो. म्हणूनच तो जाण्याआधी धावपळ करायची.

शस्त्रक्रिया कधी, एका बाजूला की दोन्ही, हे फोटो, झटक्यांची संख्या आणि हृदयाची स्थिती यांवर ठरतं. ते इथे बसून मी सांगू शकत नाही.

रक्ताच्या तपासण्यांत दोन गोष्टी राहून जातात, त्या मागून घ्या. हिमोग्लोबिन आणि लोह: लोहाची कमतरता लहान मुलांत मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याला हातभार लावते, आणि ती सहज दुरुस्त होते. थायरॉइड: या मुलांत तो अनेकदा कमी असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो वाढलेला असला तर मोयामोयाचे झटके वाढू शकतात. घोरणं असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणीही (स्लीप स्टडी) करून घ्या, मात्र एमआरआय त्यासाठी अडवून ठेवू नका.

तुम्ही शेवटी विचारलंत की तुमच्या मैत्रिणीच्या मुलालाही डाउन सिंड्रोम आहे, त्याला काही त्रास नाही, तर त्याचाही एमआरआय करावा का. नको. काहीही लक्षण नसताना प्रत्येक मुलाला भूल देऊन धमन्या बघणं आज कुणी नियमाने सुचवत नाही. त्या आईला एवढंच सांगा: एका बाजूची कमजोरी, अचानक तिरकं झालेलं तोंड, गेलेलं बोलणं, नव्याने आलेली फिट, किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी होणं, यातलं काही दिसलं तर ते डाउन सिंड्रोमच्या खात्यात टाकायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: दोन्ही घटनांची तारीख, किती वाजता, आधी काय करत होती, कोणता हात, पाय आणि चेहऱ्याचं काय, बोलणं गेलं का, किती मिनिटं, नंतर झोपली का. हृदयाच्या शस्त्रक्रियेचा कागद आणि शेवटचा इको सोबत ठेवा. ती कोणत्या हाताने चमचा धरते तेही लिहा, आणि गेल्या महिन्यात तो हात बदलला असेल तर तो शब्द अधोरेखित करा.